शाळा एक, ओळी दोन : नगर जिल्ह्यातील सहशिक्षणाची हकीगत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी 'जिल्ह्यातील स्त्रीशिक्षणाची प्रगती' या विषयावर चार पाने लिहून द्यावीत, अशी चिटणीस भगिनींची आज्ञा झाली. प्रगतीवर लिहिणे सोपे असते. तेव्हा इतक्या मुली होत्या, आता इतक्या आहेत, असे दोन आकडे शेजारी मांडले की लेख पुरा होतो. परंतु मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले, आणि त्यातली बरीच वर्षे वर्गशिक्षिका म्हणून हजेरीपट लिहिला. म्हणून प्रगती म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर आकडे येत नाहीत, हजेरीपट येतो. पहिल्या पानावर मुलगे, अनुक्रमांक एक ते अडतीस. मग तांबड्या शाईची आडवी रेघ. रेघेखाली मुली, एकोणचाळीसपासून पुढे. ही रेघ कोणी ठरवली, कोणत्या परिपत्रकाने आली, हे मला एकाही मुख्याध्यापकाने सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. माझ्या आधीच्या गुरुजींनी मारली, म्हणून मीही मारली.

या रेघेची हकीगत सांगावी, असे मनात आले. ती सांगायची तर आपल्या नगरापासूनच आरंभ करावा लागतो, आणि हा आरंभ अभिमानाचा आहे.

सन १८३९ मध्ये मिस सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई नगरला राहावयास आली. तिचा जन्म १७९५ चा. बारा वर्षांपूर्वी, १८२७ साली, ती मुंबईत उतरली होती. अमेरिकेतून परदेशी मिशनकार्यासाठी पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये १८३१ पासून सुरू होते. मिस फरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये येथेच देह ठेवला. म्हणजे आयुष्याची तेवीस वर्षे या बाईंनी आपल्या गावातील मुलींना अक्षरे गिरवायला लावण्यात घालवली. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. तसेच त्यांच्या शाळा पाहून जोतिराव फुल्यांच्या मनाने उचल घेतली, हेही लपवण्याचे कारण नाही. जोतिराव नगरला आले, त्यांनी मिस फरार यांच्या शाळा पाहिल्या, आणि आपल्या लोकांतही असे काम काढले पाहिजे असे त्यांना वाटले, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. पुढे १८४८ मध्ये पुण्यात त्यांची मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे मिस फरार यांच्याकडे नगरला घेतले, असे सांगतात. पुण्याचे नाव मोठे झाले, पण ठिणगी नगरची होती, एवढे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे.

'ज्ञानोदय' पत्राचा जन्मही नगरचाच, सन १८४२ चा. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये याच पत्राने छापला. ज्या मुलीला वर्गाच्या उंबऱ्याशीही कोणी उभे केले नसते, तिने तीन वर्षांच्या शिक्षणात लिहिलेला हा निबंध पुष्कळ पदवीधरांना लाजवील असा आहे. हे येथे मुद्दाम लिहिते, कारण मुलींची ओळ म्हणताना ती सगळी एकच ओळ होती असा समज होऊ नये. मुलग्यांच्या मागे मुली बसत हे खरे, पण मुलींच्याही मागे, किंवा ओसरीवर, किंवा पार बाहेर, आणखी कोणी बसत असे.

या सर्व शाळा केवळ मुलींच्या होत्या. मुलगे आणि मुली यांना एके ठिकाणी बसवावे, हा विचार त्या काळी कोणाच्या डोक्यात आला असता, तरी आईबापांनी तो चालू दिला नसता. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू होत. एवढ्या अवधीत ती बाराखडी, थोडे वाचन आणि जमल्यास बेरीज-वजाबाकी शिके. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतिरावांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, आणि मुलींच्या शिक्षणाला अधिक उदार हाताने मदत द्या, अशी मागणी केली. ती तशीच राहिली.

एकत्र शिक्षणाचा मुद्दा मराठी मुलखात उघडपणे मांडला तो आगरकरांनी. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' पत्र काढले, आणि त्यात स्त्रियांना व पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे स्पष्ट लिहिले. त्या वेळी पुण्यात मुलींच्या हायस्कुलावरून, म्हणजे १८८४ साली निघालेल्या हुजूरपागेवरून, केवढे काहूर माजले होते! मुलींना इंग्रजी कशाला, अकरा ते पाच शाळेत बसल्यावर घरकाम कोणी करावयाचे, असे प्रश्न 'केसरी' आणि 'मराठा' विचारत होते. त्याच दशकात नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शेकडो मुलग्यांत एकट्या शिकत होत्या. त्या वर्गात शिरू लागल्या की मुलगे दार लावून घेत. तरीही त्या परीक्षेत वर आल्या. आणि मग, विलायतेस जाण्याची जी सरकारी शिष्यवृत्ती एखाद्या मुलग्याला मिळाली असती, ती स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारण्यात आली. मराठी मुलखातील सहशिक्षणाचा हा पहिला पाठ म्हणावयास हरकत नाही. दार उघडे आहे असे सांगावयाचे, आणि आत येताना ते लोटून घ्यावयाचे.

महर्षी कर्व्यांनी दुसरी वाट धरली. जपानातील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांचे वेगळे विद्यापीठ काढले, मराठी माध्यमाचे आणि स्त्रियांच्या गरजांना धरून वेगळ्या अभ्यासक्रमाचे. अण्णासाहेबांविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दांत मावणारा नाही. माझ्या मावशीचे सारे आयुष्य त्यांच्या संस्थेमुळे मार्गी लागले. तरीही वाटते की गृहजीवनशास्त्र हा विषय स्त्रियांचा आणि गणित-विज्ञान पुरुषांचे, ही वाटणी त्या काळात जी पक्की झाली तिने पुढे खेड्यापाड्यांतील मुलींचे नुकसान केले. अण्णासाहेबांनी जी सोय म्हणून दिली, ती इतरांनी मर्यादा म्हणून वापरली.

पैशाची गोष्टही येथेच सांगून टाकते. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. निधी अपुरा, म्हणून आधी मुलग्यांना सक्ती करावी आणि मुलींचे मागाहून पाहावे, असे अनेक वजनदार मंडळींचे म्हणणे पडले. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यातील स्त्रियांनी सभा भरवल्या, मोर्चा काढला. घरात भाकरी कमी पडली की आधी कोणाच्या पानात वाढतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. नगरपालिकेनेही तोच हिशेब धरला होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे खेड्यात सहशिक्षण आले ते आगरकरांचा लेख वाचून आले नाही. ते काटकसरीने आले. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या गावी, मुलांची शाळा आणि कन्याशाळा अशा दोन शाळा चालू शकत. परंतु पाथर्डी, जामखेड, पारनेर, अकोले या भागांतील लहान वाड्या-वस्त्यांवर तीस मुले गोळा करताना एकुलत्या एका गुरुजींचा जीव मेटाकुटीस येई. तेथे दुसरी शाळा कोण काढणार? १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीचे धोरण आखले, १९६२ पासून शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या, आणि मारुतीच्या देवळात, चावडीत, धर्मशाळेत भरणाऱ्या त्या एकशिक्षकी शाळांत मुलगे व मुली आपसूकच एका छपराखाली आले. ते एकत्र आले तर कसे बसावेत, काय शिकावेत, काम कोणी करावे, याचा विचार कोणी केला नाही. विचार न केल्यामुळे घरची जी रीत होती तीच शाळेत येऊन बसली.

प्रवरा आणि गोदावरीच्या पाटपाण्याच्या पट्ट्यात चित्र थोडे निराळे होते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले होते. पाण्यामागे ऊस आला, आणि १९५० च्या हंगामात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. हाती पैसा आल्यावर लोकांनी हायस्कुले काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाखाही जिल्हाभर निघाल्या. ही फार मोठी कामगिरी आहे, आणि माझ्यासारख्या हजारो जणी तिच्यामुळे शिकल्या. परंतु हायस्कूल पाच कोसांवर असे, तेव्हा मुलगा वसतिगृहात राही आणि मुलगी घरी. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी आपले मंगळसूत्रही मोडले, ही कथा आपण सर्वजणी डोळे पुसत सांगतो. ती सांगताना माझ्या मनात नेहमी एक शंका येई. बाईच्या मंगळसूत्रावर मुलग्यांचे वसतिगृह उभे राहिले, मग मुलींच्या वसतिगृहासाठी कोणी काय मोडले? मुलींची वसतिगृहेही पुढे निघाली, पण ती संख्येने कितीतरी मागे राहिली, आणि त्या अंतरात दोन पिढ्यांतील मुलींचे हायस्कूल हुकले.

माझे हुकले नाही, कारण माझे मामा बाजारपेठेच्या गावी राहत होते. हा केवळ योग. १९६४ मध्ये मी तेथील हायस्कुलात आठवीत गेले. गावाचे आणि शाळेचे नाव लिहीत नाही. तेथील गुरुजनांनी मला विद्या दिली आहे, आणि जे सांगणार आहे ते त्या काळी कोठेही घडत होते. वर्गात एकेचाळीस मुलगे आणि आम्ही सहा मुली. तास संपला की आम्ही सहाजणी उठून व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहावयाचे. पुढच्या तासाचे मास्तर आले की त्यांच्या पाठोपाठ, माना खाली घालून, वर्गात यावयाचे. मास्तरांविना वर्गात बसणे आम्हाला मना होते. पावसाळ्यात व्हरांड्यात पाणी येई, तेव्हा आम्ही भिजत उभ्या असू. मुलगे वर्गात बसून गोंगाट करीत, पण त्यांना बाहेर उभे करावे असे कोणाच्या मनात येत नसे.

शाळेत मुलींसाठी आडोसा नव्हता. मुलगे कुंपणाच्या कडेला जात. आम्ही सकाळी घरून निघताना पाणी पीत नसू, आणि साडेपाचला घरी परतेपर्यंत थेंबही पोटात जाऊ देत नसू. उन्हाळ्यात सकाळची शाळा असे तेव्हा फार बरे वाटे. महिन्याच्या चार दिवसांत तर घरी राहणे हाच नियम. गैरहजेरीचे कारण लिहून आणा असे मास्तर म्हणत, आणि वडिलांना चिठ्ठीत 'प्रकृती बरी नसल्याकारणे' असे लिहावे लागे. वर्षाकाठी असे चाळीसेक दिवस जात. तेवढ्या दिवसांतले बीजगणित जाई ते परत येत नसे.

बीजगणिताचीही एक गंमत आहे. त्या वेळच्या अकरावी मॅट्रिकला बीजगणित-भूमिती टाळून सोपे गणित घेता येई, आणि मुलींना गृहशास्त्र किंवा शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र असे विषय असत. विषय निवडण्याचा दिवस आला तेव्हा मास्तरांनी मुलग्यांना एकेकाला उभे करून विचारले. आम्हा सहाजणींना विचारले नाही, आमच्या नावांपुढे सोपे गणित लिहून टाकले. त्यांच्या मनात वाईट नव्हते. मुली नापास होऊ नयेत, लग्नात 'मॅट्रिक पास' म्हणता यावे, हीच त्यांची कळकळ. मी मामांना घेऊन गेले आणि बीजगणित मागून घेतले. बाकीच्या पाचजणींपैकी एकीचे डोके माझ्याहून कितीतरी तल्लख होते. भूमितीची रचना ती पाहता पाहता सोडवी.

तिचे पुढे काय झाले ते सांगते. नववीत असताना वर्गातल्या एका मुलग्याने तिच्या वहीत चिठ्ठी टाकली. चिठ्ठीत काय होते ते आम्हाला कळले नाही. तिने तर ती वाचण्यापूर्वीच मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मुलग्याला चार छड्या बसल्या. तो दुसऱ्या दिवशी वर्गात हजर होता, मॅट्रिक झाला, आणि पुढे चांगल्या नोकरीस लागला. तिच्या वडिलांना शाळेत बोलावले गेले, आणि सोमवारपासून ती आलीच नाही. त्या वैशाखात तिचे लग्न झाले. बऱ्याच वर्षांनी एका लग्नघरी ती मला भेटली. गालिच्यावर बसून नातीची वही पाहत होती. मला म्हणाली, "अगं, यांच्या भूमितीत अजून तेच प्रमेय आहे गं!" यापलीकडे ती त्या विषयावर काही बोलली नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा जनरल रजिस्टरवरून दाखले लिहिण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. त्या रकान्यात मुलग्यांपुढे 'पुढील शिक्षणासाठी', 'वडिलांची बदली', 'परीक्षा उत्तीर्ण' असे निरनिराळे लिहिलेले सापडे. मुलींपुढे पानेच्या पाने एकच वाक्य असे : 'पालकांच्या विनंतीवरून.' लग्न ठरले, धाकट्या भावंडाला सांभाळायचे, पाणी आणायचे, रस्त्यावर कोणी छेड काढली, आई ऊसतोडीला गेली, या साऱ्याला ते एक वाक्य पुरे. या जिल्ह्याच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास कोणी मनापासून लिहू म्हणेल, तर तिने आधी हा रकाना वाचावा आणि त्या वाक्याच्या मागे जाऊन पाहावे.

असे नव्हे की वरच्या लोकांना हे ठाऊक नव्हते. १९५८ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती नेमली गेली. नंतर श्रीमती हंसा मेहतांच्या समितीने मुलामुलींच्या अभ्यासक्रमातील भेदाचा विचार केला. या त्याच हंसाबाई, ज्यांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचा शब्द काढून 'सर्व मानव' असा शब्द घालावयास लावला. त्यांच्या समितीने सांगितले की स्त्रीपुरुषभेदावरून अभ्यासक्रमात भेद करू नये, प्राथमिक शाळांत सहशिक्षण हीच सर्वसाधारण रीत असावी, आणि गृहविज्ञान मुलग्यांनाही शिकवावे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये यास दुजोरा दिला. आमच्या शाळेत ही वार्ता पोहोचली नाही. अहवाल दिल्लीत छापला जाई, आणि येथे शनिवारी वर्ग झाडून सारवण्याचे काम मुलींकडे असे व मैदान मुलग्यांकडे. १९७५ पासून नवीन आकृतिबंधात दहावीपर्यंत सर्वांना गणित-विज्ञान सक्तीचे झाले, तेव्हा मात्र खरा फरक पडला. एका नियमाने पुष्कळ मास्तरांची कळकळ निकामी केली. नियम कोरडे असतात असे म्हणतात, पण मला तर हा नियम फार मायाळू वाटतो.

माझीही कबुली येथे दिली पाहिजे. मी बी.एड. होऊन १९७५ साली नोकरीस लागले आणि वर्ग हाती आला. पाहुणे आले की ओवाळायला मुली, बाके उचलायला मुलगे. वर्गप्रमुख मुलगा, उपप्रमुख मुलगी. रांगोळी मुलींची, भाषण मुलग्याचे. केर मुलींनी काढावा. हे सारे मी स्वतः चालवले, आणि चांगली शिक्षिका म्हणून नाव मिळवले. दहा-बारा वर्षांनी एकदा सातवीतल्या एका मुलीने हातातला खराटा तसाच धरून विचारले, "बाई, मुलांची पाळी कोणत्या वारी असते?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि तिला खाली बसवले. रात्री झोप आली नाही. पुढच्या शनिवारी मी केर काढण्याच्या पाळ्या अनुक्रमांकाने लावल्या. एका मुलग्याची आई भांडायला आली. माझ्या मुलाला खराटा का दिला, म्हणून. तिचीच मुलगी त्याच शाळेत चार वर्षे केर काढत होती, तेव्हा ती कधी आली नव्हती. तिला बोल लावावा असे मला वाटत नाही. मीही तेच केले होते.

नंतरची वाटचाल थोडक्यात सांगते, कारण ती बहुतेक भगिनींच्या देखत झाली आहे. १९८५-८६ पासून राज्यात बारावीपर्यंत मुलींचे शिक्षण मोफत झाले. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक, आणि तो शक्यतो स्त्री, देण्याचे ठरले. "शाळेत बाई आहेत का?" हा आईबापांचा पहिला प्रश्न असे. बाई आल्या आणि पट वाढला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. १९९६-९७ पासून खेड्यातील शाळकरी मुलींना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. योजनेचे नाव अहिल्याबाई होळकर. अहिल्याबाई आपल्या जामखेड तालुक्यातील चौंडीच्या. २०२४ पासून जिल्ह्यालाच त्यांचे नाव मिळाले, पण त्या एस.टी.च्या पासाने त्यांचे नाव त्याआधीच घरोघरी नेले होते. मला विचाराल तर साऱ्या योजनांत ही सर्वांत थोर. तिने पाच कोसांचे अंतर पुसले.

२०१८ मध्ये शाळकरी मुलींना पाच रुपयांत सॅनिटरी पॅडचे पाकीट देण्याची अस्मिता योजना निघाली. 'प्रकृती बरी नसल्याकारणे' असे लिहून देणारे माझे वडील आज असते, तर त्यांना हे वाचून काय वाटले असते कोण जाणे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईसोबत वडीलही स्वयंपाकघरात काम करीत आहेत अशी चित्रे छापली. काही वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली. मी ते पुस्तक विकत आणून घरात ठेवले आहे. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यातील ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलगे. दरवर्षी मुलींचीच बाजी, असे वर्तमानपत्रे लिहितात, आणि आपणही टाळ्या वाजवतो.

परंतु दहावीपर्यंत पोहोचलेल्या मुलीच या गणतीत असतात. २०११ च्या शिरगणतीत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८५२. दहा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी. हजेरीपटाच्या रेघेखाली यावयाच्या त्या मुली रेघेपर्यंतही आल्या नाहीत. आणि पाटपाणी, कारखाने, हायस्कुले हे सारे असलेल्या सधन जिल्ह्यातली ही गोष्ट आहे.

ज्या आल्या त्यांच्यापैकी ऊसतोडणी मजुरांच्या मुली दिवाळीनंतर कोयत्यांबरोबर निघून जातात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांत हे पटावर स्पष्ट दिसते. थंडीत वर्ग अर्धा होतो, आणि उन्हाळ्यात मुले परततात तेव्हा परीक्षा तोंडावर असते. मुलगा पुष्कळदा आजीपाशी गावी राहतो. मुलगी खोपीवर जाते, कारण तान्ह्याला सांभाळायला ती हवी असते. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या, त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी किती मुली परत आल्या नाहीत, हे माझ्या जुन्या सहकारी बाई अजून मोजून सांगतात. बालविवाहाला मनाई करणारा सारडा कायदा १९२९ चा, नवा कायदा २००६ चा. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांत २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले.

आणि कोपर्डी. १३ जुलै २०१६. नववीत शिकणारी मुलगी. कर्जत तालुक्यातील त्या घटनेने सारा महाराष्ट्र हलला, लाखोंचे मूक मोर्चे निघाले, २०१७ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. मी त्या काळात तालुक्यातल्या आयाबायांना भेटत होते. सर्वांच्या तोंडी एकच बोलणे, आता पोरीला शाळेत कशी धाडू? मुलग्यांच्या आयांना मी विचारले, तुम्ही तुमच्या मुलाला काय सांगितले? त्या गप्प राहिल्या. एक म्हणाली, "त्याला काय सांगायचं, तो चांगलाच आहे की." असेलही. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या वहीत चिठ्ठी टाकणारा तो मुलगाही काही दुष्ट नव्हता. पण त्याला छड्या मारण्यापलीकडे कोणी काही सांगितले नव्हते, आणि तिला तर काही न सांगता घरी बसवले.

शिक्षण म्हणजे शाळाच असे नव्हे, हेही या जिल्ह्याने दाखवून दिले आहे. शाळेत न शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी नगर-राहुरीच्या वास्तव्यात जे पाहिले-भोगले, ते 'स्मृतिचित्रे'त उतरवले, आणि मराठी भाषा धन्य झाली. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना शाळा मिळाली नाही. त्यांनी गावठी बियाणे जतन केले आणि २०२० च्या पद्म सन्मानांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या दोघींची नावे घेऊन 'पाहा, शाळेवाचून काही अडत नाही' असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्यातील एकानेही आपल्या मुलग्याला शाळेतून काढल्याचे मला आठवत नाही.

मंडळातील भगिनींना एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळजणी या जिल्ह्यातील शाळांत, मुलग्यांच्या बरोबर, शिकल्या आहात. घरातील ट्रंका, फडताळे उघडा. आपले, आईचे, सासूबाईंचे शाळा सोडल्याचे दाखले असतील ते शोधून काढा, आणि पुढच्या मासिक सभेला घेऊन या. 'कारण' या रकान्यात काय लिहिले आहे ते आपण एकत्र बसून वाचू. ज्यांच्या दाखल्यावर 'पालकांच्या विनंतीवरून' असे असेल, त्यांनी खरे कारण कोऱ्या कागदावर लिहून आणावे. नाव घालू नये, गाव व साल घालावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून घेईन. वही आणि पेन माझ्याकडे आहे, आणि दुपारी तीननंतर मी घरीच असते.